बाजारादिवशी बंद न पडणारं यंत्र

१

गुन्हेगाराला घराबाहेर जाऊन चार दिवस झाले होते, तरी शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गुन्हा पुन्हा घडला.

भीमाप्पा बसल्या जागी थिजला. समोरच्या स्क्रीनवर, म्हणजे एका जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर, आकडे एकामागून एक मोजले जात होते. चौदा हजार दोनशे सातपर्यंत आले आणि तिथंच चिकटून बसले. मग स्क्रीनभर उलटीसुलटी अक्षरं पसरली आणि सगळं काळं झालं. हे असं आता कसं होईल? करणारं माणूस तर घरातच नव्हतं!

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. निपाणीत कॉम्प्युटर हा शब्द पेपरात वाचलेले लोक बरेच होते, प्रत्यक्ष पाहिलेले फार थोडे, आणि स्वतःच्या हातांनी घरात बांधलेला माणूस एकच, भीमाप्पा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवून त्यानं दोन वर्षं पै पै जमवली, मुंबईच्या खेपा केल्या, एकेक सुटा भाग पिशवीत घालून आणला आणि रात्रंदिवस सोल्डरच्या धुरात बसून जोडला. पेटी कोण करून देणार? ट्रंका बनवणाऱ्या परशरामानं पत्रा वाकवून करून दिली. तिला त्यानं सवयीनं कडीसुद्धा लावली होती.

सोमवारी बेळगावच्या एका कॉलेजची समिती हे यंत्र पाहायला घरी येणार होती. अट एकच होती. दहा ते चार, सलग सहा तास यंत्र न थांबता चाललं पाहिजे. चाललं तर कॉलेजच्या नव्या कॉम्प्युटर विभागात शिक्षकाची जागा भीमाप्पाची. ज्या घरात दोन पिढ्या तंबाखूच्या वखारीत राबल्या त्या घरातला मुलगा कॉलेजात शिकवणार होता. आणि यंत्र सहा तास राहू दे, पाऊण तास धड उभं राहत नव्हतं.

"अहो," दारातून त्याची बायको सुला म्हणाली, "बेळगावासनं मावशी आलीया."

२

नागुबाई म्हणजे सुलाची मावशी. राहायला बेळगावच्या खासबाग भागात. तिथल्याच टेलिफोन एक्सचेंजमध्ये बावीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली आणि नुकतीच निवृत्त झालेली बाई. लाइनमध्ये खरखर कुठून येते हे तिला नुसतं ऐकून कळायचं, असं तिथले लोक अजून सांगतात. कॉम्प्युटरमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. त्या भागातल्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. कमरेला तपकिरीची डबी आणि डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, एवढीच तिची हत्यारं.

पाणी पिऊन झाल्यावर तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "कोंडाबाई कुठं हाय?"

सुला खाली बघू लागली. भीमाप्पानं घसा खाकरला.

"आई कोगनोळीला गेली. माझ्या बहिणीकडं, गंगव्वाकडं."

"गेली का धाडली?"

या बाईपुढं लपवाछपवी चालणार नव्हती. भीमाप्पानं सगळं सांगून टाकलं. एप्रिलपासून यंत्र बंद पडू लागलं होतं. त्यानं सुटा न् सुटा भाग तपासला, चिपा काढून पुन्हा बसवल्या, सगळे सांधे नव्यानं सोल्डर केले, तरी उपयोग शून्य. गेल्या रविवारी त्यानं पेटीचा मागचा पंखा खोलला तर पात्यांवर बोटभर तपकिरी भुकटी साचलेली. त्याचं डोकंच फिरलं. कोंडाबाईनं तीस वर्षं वखारीत तंबाखू झाडली, चाळली, पोत्यांत भरली. दोन वर्षांपूर्वी काम सोडलं तरी बाजारादिवशी जुन्या मैत्रिणींजवळ वखारीच्या आवारात बसून यायची. शिवाय रोज पदरानं ती पेटी पुसायची. तंबाखूची भुकटी यंत्रात दुसरं कोण आणणार?

"मग तुमी काय म्हनला तिला?"

"म्हटलं, तुझ्या अंगाची तंबाखू माझ्या पोटावर पाय देणार." बोलताना त्याचा आवाज आपोआप खाली गेला. "सोमवारी सकाळी ती गाठोडं घेऊन गेली. मी जा म्हटलं नव्हतं."

"ऱ्हा तरी म्हनला हुतासा का?"

नागुबाईनं तपकीर ओढली, दोन शिंका दिल्या आणि यंत्राच्या खोलीत आली. चपला तिनं अंगणातच काढल्या होत्या. भीमाप्पा मात्र वीज हाताळायची म्हणून घरातही रबरी चपला घालून वावरायचा. नागुबाईनं यंत्र पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि पेटीची कडी नीट लागली आहे का हे बघायला हात लावला.

"आई गं!" ती ओरडली आणि हात झटकत दोन पावलं मागं सरली.

३

"मी सांगितलंय ह्यास्नी," सुला धावत येऊन म्हणाली. "पेटीला हात लावला की मुंग्या येत्यात. तर म्हनत्यात, तुला काय कळतंय!"

भीमाप्पानं चटकन पेटीवर तळवा ठेवला. त्याला काहीच जाणवलं नाही. "मावशी, अंगात चमक आली असंल. प्रवासातनं आलाय."

"बावीस वर्सं मी तारांच्या जंजाळात बसलो, जावईबापू. चमक कुठली आनि झटका कुठला, येवढं कळतंय मला." तिनं बोटं चोळली. "बरं. तुमचा आनि कुनावर संशय हाय?"

संशय दोघांवर होता. एक शेजारचा कल्लाप्पा. त्याची पिठाची गिरणी भिंतीला भिंत लावून होती. मोटार सुरू झाली की घरातला दिवा मिचकायचा. दुसरा भरमा. बाजारपेठेत टायपिंग क्लास चालवायचा आणि कॉलेजच्या त्याच जागेसाठी त्यानंही अर्ज केला होता. रोज संध्याकाळी तो "बघू तरी, कुठवर आलंय" म्हणत यंत्राजवळ येऊन बसायचा.

नागुबाईनं सुलाकडून दळणाचा डबा मागून घेतला आणि गिरणीत गेली. मागोमाग भीमाप्पाही गेला. कल्लाप्पा डोक्यापासून पायापर्यंत पिठानं माखलेला होता.

"तुमचा जावई माज्या मोटारीवर आळ घेतोय, बरोबर न्हाय री हे," तो तडकून म्हणाला. "एरवी दिवसातनं मोटार दहादा चालू हुती, दहादा बंद. बाजारादिवशी सोळा खेडी दळायला येत्यात. इसदा चालू, इसदा बंद. मोटारीनं तुमचं मशीन मरत असतं तर बाजारादिवशी त्येचं मढंच उठलं असतं की!"

"आनि मरत न्हाय?"

"ह्यांस्नीच इचारा."

भीमाप्पानं मान हलवली. ते खरंच होतं. बाजारादिवशी, गिरणी कानठळ्या बसेपर्यंत गरगरत असताना, यंत्र एकदाही बंद पडलं नव्हतं. ते कसं काय, याचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं, पण ते आईविरुद्ध जाणारं होतं. मावशीपुढं त्यानं ते गिळलं.

भरमा त्याच्या क्लासात भेटला. दहा टाइपरायटरांच्या खडखडाटात तो मोकळेपणानं बोलला.

"जागा मला पायजे. न्हाय कशाला म्हनू? पन एप्रिलात मी पाच दिवस धारवाडला बहिनीच्या लग्नाला गेलतो. त्या पाच दिवसांत मशीन बंद पडलं का न्हाय ते भीमाच्या वहीत बगा. समदं लिवून ठेवतोय त्यो."

"वही?" नागुबाई थांबली. "वही हाय, आनि तुमी मला आत्ता सांगतासा?"

४

वही तक्त्यासारखी नेटकी होती. तारीख, वेळ, किती वेळा बंद पडलं. पहिल्या पानावर जानेवारीतल्या नोंदी होत्या. पुरवठा ठीक. फ्यूज ठीक. अर्थिंग ठीक, रवळू वायरमन, तारीख चौदा. प्रत्येकापुढं लाल शाईची खूण.

भरमाचे पाच दिवस नागुबाईनं आधी काढले. दोन, तीन, पाच, सहा, सात. भरमा धारवाडला असताना यंत्र तेवीस वेळा बंद पडलं होतं. भरमा सुटला.

मग तिनं बोट ठेवून एकेक आठवडा मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. बाजाराचा दिवस, शून्य. दुसरा दिवस, एक. मग दोन, तीन, पाच, सहा, सात. पुन्हा बाजार, पुन्हा शून्य. तीन आठवडे हाच पाढा.

"बघा," भीमाप्पा आता राहवेना म्हणून बोललाच, "म्हणून तर माझा संशय आईवर गेला. बाजारादिवशी ती सकाळी वखारीत जाते, दहाला दमून येते आणि दिवसभर पडवीत झोपते. त्या दिवशी या खोलीत तिचा पाय पडत नाही. दुकान आटपून मी बारापासून इथं बसतो. यंत्र ठणठणीत! दुसऱ्या दिवसापासून तिचं झाडणं-पुसणं सुरू, आणि यंत्राचं मरणं सुरू. आता तुम्हीच सांगा."

नागुबाईनं सांगितलं नाही. तिनं पान उलटलं. परवाचा बुधवार, सात. तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलं.

"काल बाजार हुता न्हवं?"

"होता."

"कोंडाबाई घरात न्हवती. चार दिवसांत तिचा पाय पडला न्हाय, पदर लागला न्हाय. मग काल शून्य पायजे." तिनं वही त्याच्यापुढं सरकवली. "हितं नऊ लिवलंय."

भीमाप्पानं ओळ पाहिली. स्वतःच लिहिलेली होती. काल तो इतका वैतागला होता की बाजाराचा दिवस आहे हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आई घरात असताना जो दिवस कधी चुकला नव्हता, तो आई नसताना पहिल्यांदा चुकला होता.

"आनि दुसरं," नागुबाई म्हणाली. "खोडी काढनारं मानूस अशी काढत न्हाय. आज एक, उद्या दोन, परवा तीन. त्याची लहर असती. हे चढत जातंय, आनि बाजार आला की एकदम खाली येतंय. मानसाचं काम न्हवं हे. काय तरी हळूहळू सपत जातंय आनि बाजारादिवशी कोन तरी ते भरून ठेवतंय." ती उठली. "पंख्यातली ती भुकटी टाकून दिलीसा का?"

टाकली नव्हती. पुरावा म्हणून त्यानं ती काड्यापेटीत भरून कपाटात कुलपात ठेवली होती.

५

नागुबाईनं काड्यापेटी उघडली. चिमूटभर भुकटी तळहातावर घेतली, चष्म्याजवळ धरली आणि काही कळायच्या आत, तपकीर ओढतात तशी, नाकात ओढली.

"मावशी!" सुला किंचाळली.

नागुबाई शांतपणे उभी होती. ना शिंक, ना डोळ्यांत पाणी. मग तिनं जिभेवर एक कण ठेवला.

"घ्या," तिनं हात भीमाप्पापुढं केला. "वास घ्या."

त्यानं वास घेतला. वास ओळखीचा होता, पण तंबाखूचा नव्हता. पहाटे चुलीवर शिजणाऱ्या आंबिलीचा होता.

"नाचनी," नागुबाई म्हणाली. "उन्हाळ्यात गावभर आंबील हुतीया. कल्लाप्पाकडं रोज नाचनी दळत्यात. तुमच्या खिडकीतनं पीठ उडून आत येतंय, पंखा वडून घेतोय. तंबाखू असती तर माज्यासारखीला बी शिंका आवरल्या नसत्या. यंत्र बंद पडतंय ते ह्या पिठानं बी न्हाय. पाच दिवसांमागं पंखा पुसलासा न्हवं? तरी मरतंयच की."

भीमाप्पानं पुन्हा वास घेतला. निपाणीत जन्मलेला माणूस तो. ज्या आईच्या लुगड्याला तंबाखूचा वास, तिच्या मांडीवर वाढलेला. त्याला पीठ आणि तंबाखू ओळखता येऊ नये? त्यानं वास घेतलाच नव्हता. रंग बघितला आणि निकाल देऊन मोकळा झाला. पाच दिवस ती काड्यापेटी कुलपात होती आणि एकदाही त्यानं ती नाकाशी धरली नव्हती.

"आत्तीनं कायच केलं न्हवतं," सुला सासूबद्दल हळूच म्हणाली. ती रडत होती.

"केलं हुतं," नागुबाई म्हणाली. "काय केलं हुतं तेच शोधायचं हाय. मला अंगन दावा."

६

अंगणात एका कोपऱ्यात चौकोनी काळा दगड होता. त्याच्या बाजूला आळूचा वाफा होता, म्हणजे एके काळी असावा. आता पानं पिवळी पडून जमिनीला टेकली होती आणि माती भेगाळली होती.

"आळू कदी वाळलं?"

"मार्चापासनं," सुला म्हणाली. "आत्तीच्या पाय धुयाच्या पान्यावर वाढायचं. वखारीतनं आली की तिनं कदी तसंच घरात पाऊल टाकलं न्हाय. दगडावर उभं ऱ्हायाचं, दोन बादल्या पानी वतून हातपाय, तोंड, पदर समदं धुयाचं, आनि मग उंबरा वलांडायचा. काम सोडलं तरी सवय सुटली न्हाय. रोज सकाळ-संध्याकाळ. मग मार्चात ह्यांनी आत फरशीचं न्हानीघर बांधलं आनि अंगनात धुवू नगं म्हनून सांगितलं."

"आनि बाजारादिवशी?"

"बाजारादिवशी ती ऐकायची न्हाय. वखारीतनं आलेली असायची की. हे दुकानात असायचे, तवर चोरून दगडावर दोन बादल्या वतायची. मला म्हनायची, भीमाच्या मशीनला तंबाखू लागाया नगं, गं."

भीमाप्पाच्या डोक्यात काहीतरी लख्खकन पेटलं. बाजार. दोन बादल्या. शून्य.

"मावशी, अर्थिंग," तो पुटपुटला.

"आता आलासा बगा! रवळू वायरमननं पट्टी कुठं पुरली?"

दगडाच्या कडेला, सुकलेल्या मातीतून, लोखंडी पाइपचं तोंड टिचभर वर आलं होतं. जानेवारीत रवळूनं तिथं पुरुषभर खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ घालून तांब्याची पट्टी पुरली. घराच्या मागं जागा असताना तो इथंच का खणतोय, हे भीमाप्पानं विचारलंसुद्धा नव्हतं. तो स्वतः आत सोल्डर करत बसला होता.

"मी तारांतलंच तेवढं सांगतो," नागुबाई म्हणाली. "आमच्या एक्सचेंजात उन्हाळा आला की खड्ड्यात रोज पानी वतायला मानूस नेमलेला असायचा. माती वली असंल तर पट्टी जमिनीशी बोलती, वाळली की मुकी हुती. कल्लाप्पाची मोटार चालू हुताना तारेत धक्का येतोच. जमीन वली असताना त्यो खाली जायाचा. आता जायाला वाटच न्हाय, म्हनून त्यो पेटीत घुसतोय. पेटीत मला झटका बसला त्यो त्येचाच. तुमच्या पायात रबर, तुमाला कसा बसंल? आनि वहीत जानेवारीची लाल खून केलीसा, ती बगून परत कदी तपासलं न्हाय."

भीमाप्पानं आत धावत जाऊन यंत्र सुरू केलं आणि पेटीला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा तांबूस पेटला. पेटीच्या पत्र्यात वीज होती. रोज सकाळी हीच पेटी आई अनवाणी पायांनी उभी राहून पुसायची.

"वता पानी!" तो ओरडला.

अंगणात सुलानं पाइपच्या तोंडात एक बादली ओतली. मग दुसरी, मग तिसरी. भेगाळलेली माती गटागटा पाणी प्यायली. टेस्टरचा दिवा फिका झाला, मिचकला आणि विझला. भिंतीपलीकडं कल्लाप्पाची मोटार धडधडून सुरू झाली. खोलीतला दिवा मिचकला. स्क्रीनवर आकडे चालत राहिले.

सुला हसत आत आली. नागुबाई हसली नाही.

"एक ऱ्हायलंच. बादलीभर पान्याचं तुमाला वावडं का झालं? न्हानीघर बांधलं ते ठीक. पन अंगनात धुवू नगं असं का?"

"असंच."

"जावईबापू, बावीस वर्सं लोकांचं बोलनं ऐकलंय मी. खोटं बोलताना मानूस लई थोडं बोलतंय."

भीमाप्पानं भिंतीकडं तोंड केलं. "मार्चमध्ये कॉलेजचे मारुतीराव सर पहिल्यांदा यंत्र बघायला आले. आई लुगडं खोचून दगडावर अंगावरची तंबाखू धूत होती. सरांनी विचारलं, या कोण? मी म्हटलं," तो अडखळला, "मी म्हटलं, शेजारची म्हातारी."

सुलाच्या हातातली बादली खाली पडली.

"आत्तीनं ऐकलं," ती म्हणाली. "त्या दिवशी जेवली न्हवती ती. इचारलं तर म्हनली, भूक न्हाय."

७

रविवारी सकाळच्या गाडीनं भीमाप्पा कोगनोळीला गेला. खिशात ती काड्यापेटी होती. बहिणीच्या, गंगव्वाच्या ओसरीवर कोंडाबाई शेंगा फोडत बसली होती. त्यानं काड्यापेटी तिच्यापुढं उघडली.

"आई, ही तंबाखू नव्हती. नाचणीचं पीठ होतं. तुझा काही दोष नव्हता. उलट तुझ्या पाण्यावरच यंत्र चालत होतं."

"ठावं हाय," कोंडाबाई म्हणाली.

भीमाप्पा तिच्यासमोर खाली बसला. "ठाऊक होतं?"

"रवळूनं मला सांगितलं हुतं. म्हनला, म्हातारे, तू रोज हितं पानी वततीस म्हनून हितंच पुरतो, मातीची वल जाऊ दिऊ नगंस. मग तू न्हानीघर दावलंस, भीमा, तवा मी तुला तेच सांगाय आलतो. तू म्हनलास, तू गप बस, तुला त्यातलं काय कळतंय." तिनं शेंग फोडली. "मग म्हनलं, मोटा झालाय ल्योक, त्येला कळत असंल."

"चुकलं माझं. चल घरी. उद्या समिती येणार आहे."

"म्हंजे पान्यासाठनं आलास. पानी सुला बी वतंल."

"तसं नाही, आई. तू निर्दोष आहेस हे सांगायला आलो. ती तंबाखू नव्हतीच."

कोंडाबाईनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "आनि असती तर, रं?"

सगळ्या निपाणीत कॉम्प्युटर कळणारा तो एकटा माणूस होता, आणि आईच्या एवढ्याशा प्रश्नापुढं तो मुका झाला. कोंडाबाई पुन्हा शेंगा फोडू लागली. तो एकटाच परत आला.

८

सोमवारी दहाला मारुतीराव आणि आणखी दोघे येऊन बसले. आकडे सुरू झाले. सुला तासातासाला अंगणात बादली ओतून येत होती. बारा वाजले, एक वाजला. गिरणीची मोटार सहा वेळा सुरू झाली, सहा वेळा बंद झाली. आकडे सहा अंकी झाले. कोपऱ्यात बसलेली नागुबाई कान देऊन मोटार मोजत होती. भीमाप्पाला मात्र धड आनंद होत नव्हता. डोळे स्क्रीनवर आणि कानांत एकच प्रश्न.

दोनला दहा मिनिटं असताना अंगणाचं फाटक वाजलं. हातात गाठोडं घेऊन कोंडाबाई आत आली. घरात न येता ती सरळ दगडाजवळ जाऊन उभी राहिली.

"ऱ्हायला आलो न्हाय, पोरी," ती सुलाला म्हणाली. "त्येचा आज मोटा दिवस हाय. वल हाय का न्हाय, येवढं बगून जातो."

मारुतीरावांनी खिडकीतून पाहिलं. "या त्याच ना, तुमच्या शेजारच्या? मार्चमध्ये पाहिल्या होत्या."

सर पाहत होते, समिती पाहत होती. अजून दोन तास दहा मिनिटं बाकी होती आणि या वेळेत यंत्राजवळून हलायचं नाही असं भीमाप्पानं स्वतःच ठरवलं होतं. तो उठला. पायांतल्या रबरी चपला काढल्या आणि अनवाणी अंगणात गेला. भरलेली बादली उचलली.

"सर," तो मागं वळून, खिडकीतल्या तिघांनाही ऐकू जाईल असं म्हणाला, "मार्चमध्ये मी तुमच्याशी खोटं बोललो. ही माझी आई. तीस वर्षं तिनं तंबाखूच्या वखारीत काम केलंय. तुम्ही जे यंत्र बघताय ते तिच्या पाय धुण्याच्या पाण्यावर चालतं."

मारुतीराव सावकाश खुर्चीतून उठून उभे राहिले.

भीमाप्पा आईसमोर वाकला. तिच्या पायांवर पाणी ओतू लागला.

"असती तरी, आई," तो म्हणाला. "तंबाखू असती तरी."

भिंतीपलीकडं मोटार धडधडून सुरू झाली. आत नागुबाईनं मान वाकडी करून ऐकलं आणि स्क्रीनकडं पाहिलं. आकडे चालले होते.

कोंडाबाईनं गाठोडं सुलाच्या हातात दिलं. "हे आत ठेव," ती म्हणाली. मग लुगडं वर खोचून तिनं भीमाप्पाच्या हातातली बादली धरली आणि जराशी डावीकडं वळवली.

"हिकडं वत," ती म्हणाली. "पाइप हिकडं हाय."